नॅनोरॉडच्या ध्रुवणाचा आकडा पटत नाही? आधी यंत्र तपासा, मग नमुना

कॅडमियम सेलेनाइडचा गाभा आणि कॅडमियम सल्फाइडचं लांबट कवच असलेले नॅनोरॉड, म्हणजे प्रकाश देणाऱ्या अतिसूक्ष्म अर्धवाहक कांड्या, जे बनवतात, त्यांना ही अडचण कधी ना कधी येतेच. इलेक्ट्रॉन मायक्रोस्कोपच्या फोटोत रॉड एकसारखे असतात, यूव्ही दिव्याखाली बाटली लालभडक चमकते, स्पेक्ट्रमचं शिखरही अरुंद असतं. मग फ्लोरोमीटरला (नमुन्याने दिलेला प्रकाश मोजणाऱ्या यंत्राला) पोलरायझर (एकाच दिशेचं कंपन पुढे जाऊ देणारा भाग) लावून ध्रुवण, म्हणजे प्रकाशाचं कंपन एका दिशेला किती झुकलंय ते, मोजायला जावं तर आकडा कधी अशक्य इतका मोठा येतो, कधी शून्य, कधी चक्क उणे. लगेच संशय नमुन्यावर जातो आणि पुढचे कित्येक आठवडे संश्लेषण बदलण्यात जातात. मी हा दोष आमच्या आणि शेजारच्या प्रयोगशाळांमध्ये पुन्हा पुन्हा दुरुस्त केला आहे. बहुतेक वेळा रॉड निर्दोष असतात. चूक असते विखुरलेल्या प्रकाशात, ग्रेटिंगमध्ये (प्रकाशाच्या तरंगलांबी वेगळ्या करणाऱ्या पृष्ठभागात) किंवा क्युव्हेटमध्ये (नमुना ठेवायच्या पारदर्शक कुपीत).

पुढचं सगळं मुख्यतः ९० अंशात प्रकाश गोळा करणाऱ्या, एकच डिटेक्टर असलेल्या साध्या फ्लोरोमीटरबद्दल आहे. मायक्रोस्कोपचं शेवटी वेगळं सांगितलं आहे.

लक्षणं

यातलं एक जरी दिसलं तरी वाचत राहा.

- द्रावणातल्या नमुन्याची अ‍ॅनिसोट्रॉपी (ध्रुवण सांगायचा एक आकडा, सूत्र पुढे आहे) ०.४ च्या वर जाते.
- गोल क्वांटम डॉट (अर्धवाहकाचे तसेच पण गोल सूक्ष्म कण) ०.१ ते ०.२ दाखवतात आणि रॉडही तेवढंच दाखवतात.
- चांगले लांब रॉड शून्याच्या आसपास किंवा उणे आकडा देतात.
- एकाच उत्सर्जन-शिखरावर तरंगलांबी बदलली की आकडा चढतो-उतरतो.
- अ‍ॅनालायझर (उत्सर्जनाच्या बाजूचा पोलरायझर) उभा आणि आडवा ठेवून घेतलेल्या स्पेक्ट्रममध्ये शिखराची जागा थोडी वेगळी दिसते.
- सकाळी आलेला आकडा दुपारी येत नाही.
- मायक्रोस्कोपखाली काचेवर विखुरलेले सगळे रॉड एकाच दिशेला ध्रुवित दिसतात.

आकडा किती यायला हवा?

हे माहीत नसेल तर चूक ओळखताच येत नाही, म्हणून इथे थोडं थांबतो.

रॉडचा प्रकाश ध्रुवित असण्याची कारणं दोन. पहिलं स्फटिकाच्या आत आहे. कॅडमियम सेलेनाइडच्या गोल डॉटमध्ये प्रकाश देणारं संक्रमण स्फटिकाच्या मुख्य अक्षाला लंब असलेल्या प्रतलात होतं. तो कण लांबट होत गेला की संयुजा पट्ट्यातल्या (इलेक्ट्रॉनांनी भरलेल्या सर्वांत वरच्या ऊर्जापट्ट्यातल्या) वरच्या पातळ्यांचा क्रम बदलतो आणि उत्सर्जन रॉडच्या लांबीच्या दिशेला ध्रुवित होतं. २००१ मध्ये बर्कलीच्या गटाने एकेका रॉडवर मोजून दाखवलं, की लांबी रुंदीच्या साधारण दुपटीपुढे गेली की हा बदल झालेला असतो.

दुसरं कारण आकाराचं आहे. अर्धवाहकाचा डायइलेक्ट्रिक स्थिरांक (पदार्थ विद्युतक्षेत्राला किती प्रतिसाद देतो तो आकडा) भोवतालापेक्षा बराच मोठा असतो, त्यामुळे रॉडला आडवं असलेलं विद्युतक्षेत्र आत शिरताना कमकुवत होतं आणि लांबीच्या दिशेचं जसंच्या तसं राहतं. लांब तारेसाठी हा घटाव २ε₀ ÷ (ε + ε₀) एवढा; इथे ε तारेचा स्थिरांक आणि ε₀ भोवतालचा. इंडियम फॉस्फाइडसाठी ε सुमारे १२.४ धरा आणि भोवती हवा. उत्तर ०.१५ येतं, त्याचा वर्ग ०.०२२, म्हणजे ध्रुवण-गुणोत्तर, (१ − ०.०२२) ÷ (१ + ०.०२२), जवळपास ०.९६. हार्वर्डच्या गटाने २००१ मध्येच इंडियम फॉस्फाइडच्या नॅनोतारांवर हाच आकडा मोजला. तीच तार टोल्यूइन या विद्रावकात बुडवली, म्हणजे ε₀ सुमारे २.२४ झाला, तर हिशेब ०.८३ वर येतो. भोवतालचं माध्यम बदललं की ध्रुवण बदलतं, हे हवेतल्या आणि द्रावणातल्या आकड्यांची तुलना करताना लक्षात असू द्या.

हे झालं एका सुट्या, स्थिर रॉडचं. बाटलीत रॉड सगळ्या दिशांना असतात. ध्रुवित प्रकाशाने उत्तेजित केलं तर अनुकूल दिशेचे रॉड जास्त निवडले जातात एवढंच. या निवडीला गणिताने घातलेली मर्यादा म्हणजे अ‍ॅनिसोट्रॉपी ०.४, ध्रुवणात सांगायचं तर ०.५. दोन फोटॉनचं शोषण असेल तर ती ०.५७ होते, पण साध्या झेनॉन दिव्यावर तो प्रश्न येत नाही. गोल डॉटचं शोषण आणि उत्सर्जन दोन्ही प्रतलातलं धरलं तर कमाल ०.१. तेव्हा द्रावणात एका फोटॉनच्या उत्तेजनावर ०.४ च्या वरचा आकडा कितीही आकर्षक वाटला तरी तो शोधनिबंधात घालू नका.

मोजायच्या चार तीव्रता अशा. उत्तेजनाचा पोलरायझर उभा आणि अ‍ॅनालायझर उभा म्हणजे व्हीव्ही. पोलरायझर उभा, अ‍ॅनालायझर आडवा म्हणजे व्हीएच. पोलरायझर आडवा ठेवून तसंच एचव्ही आणि एचएच. यंत्र उभा आणि आडवा प्रकाश सारखा मोजत नाही, त्याची दुरुस्ती करणारा आकडा म्हणजे जी. मग

जी = एचव्ही ÷ एचएच

अ‍ॅनिसोट्रॉपी = (व्हीव्ही − जी × व्हीएच) ÷ (व्हीव्ही + २ × जी × व्हीएच)

पहिली तपासणी: चारही कच्चे आकडे बघा

खर्च शून्य. सॉफ्टवेअर थेट अंतिम उत्तर दाखवतं आणि मुलं तेवढंच वहीत उतरवतात. तसं न करता चारही तीव्रता वेगवेगळ्या लिहा.

सगळ्यात आधी डिटेक्टर भरून गेलाय का ते पाहा. फोटॉन मोजणारी फोटोमल्टिप्लायर नळी सेकंदाला दहा-वीस लाख मोजणीपर्यंतच सरळ रेषेत वागते. चमकदार रॉडचा व्हीव्ही सहज त्यापुढे जातो आणि दबतो, तर व्हीएच नीट मोजला जातो. परिणामी अ‍ॅनिसोट्रॉपी खोटी कमी येते. उत्तेजनाच्या बाजूला न्यूट्रल डेन्सिटी फिल्टर (सगळ्या तरंगलांबी सारख्याच मंद करणारा) घालून प्रकाश निम्मा करा. चारही आकडे निम्मे व्हायला हवेत आणि उत्तर तेच राहायला हवं. उत्तर वाढलं तर दोष सापडला.

मग फक्त टोल्यूइन भरून त्याच चार तीव्रता घ्या आणि नमुन्याच्या प्रत्येक तीव्रतेतून तिची जोडीदार वजा करा. अ‍ॅनिसोट्रॉपीतून अ‍ॅनिसोट्रॉपी वजा करायची नसते. ही गोष्ट मला दर वर्षी नव्या कुणाला तरी सांगावी लागते, आणि दर वेळी ती सांगण्यासारखीच असते.

दुसरी: क्युव्हेट

रिकामं क्युव्हेट लॅपटॉपच्या पांढऱ्या एलसीडी पडद्यासमोर धरा आणि पोलरायझरच्या तुकड्यातून किंवा पोलराइज्ड गॉगलमधून बघा. तुकडा फिरवून पडदा काळा करा. क्युव्हेटच्या भिंतीत उजळ पट्टे किंवा रंग दिसले तर काचेत ताण आहे, आणि ताण असलेली काच ध्रुवण बिघडवते. प्लॅस्टिकची क्युव्हेट या कामाला वापरूच नका. पॉलिस्टायरीन तर टोल्यूइनमध्ये विरघळतंही. चांगलं क्वार्ट्झ घ्या, बोटांचे ठसे पुसा, प्रत्येक मोजमापाला तीच बाजू दिव्याकडे ठेवा.

तिसरी: विखुरलेला प्रकाश

माझ्या अनुभवात निम्म्याहून जास्त तक्रारींचं मूळ इथे असतं. विखुरलेला प्रकाश जवळजवळ पूर्ण ध्रुवित असतो, त्याची अ‍ॅनिसोट्रॉपी १ धरा. एकूण तीव्रतेत तो थोडा जरी मिसळला तरी आकडा कुठल्या कुठे जातो. समजा रॉडची खरी अ‍ॅनिसोट्रॉपी ०.१५ आहे आणि डिटेक्टरवर पोचणाऱ्या प्रकाशात १० टक्के विखुरलेला आहे. उत्तर येईल ०.९ × ०.१५ + ०.१ × १, म्हणजे ०.२३५. गोल डॉटची खरी किंमत ०.०३ असेल तर तेवढ्याच मिसळीने ती ०.१२७ दिसेल. गोल डॉट आणि रॉड दोन्ही ध्रुवित दिसतात हे लक्षण बहुधा असंच जन्माला येतं.

हा प्रकाश तीन वाटांनी येतो. पहिली वाट सरळ उत्तेजनाच्या शेपटीची. दुसरी ग्रेटिंगच्या दुसऱ्या क्रमाची: ३२० नॅनोमीटरने उत्तेजित केलंत तर ६४० वर त्याचं भूत उभं राहतं, आणि लाल रॉडचं शिखर नेमकं तिथेच असतं. तिसरी वाट विद्रावकाच्या रामन रेषांची, म्हणजे विद्रावकाने तरंगलांबी बदलून विखुरलेल्या प्रकाशाची. टोल्यूइनच्या ठळक रेषा सुमारे १००४, २९२० आणि ३०५७ प्रति सेंटिमीटर सरकलेल्या असतात. ४५० नॅनोमीटरने उत्तेजित केलं तर त्या अनुक्रमे ४७१, ५१८ आणि ५२२ नॅनोमीटरच्या आसपास दिसतात. हिरव्या डॉटवर काम करणाऱ्यांनी शेवटच्या दोन विशेष लक्षात ठेवाव्यात.

उपाय स्वस्त आहे. उत्सर्जनाच्या वाटेत लाँगपास फिल्टर (फक्त लांब तरंगलांबी पुढे सोडणारा) लावा. फिल्टरची जागा मात्र महत्त्वाची. तो अ‍ॅनालायझरच्या नंतर, डिटेक्टरच्या बाजूला हवा. आधी लावला आणि त्याच्या काचेत ताण असला तर मोजायच्या आधीच ध्रुवण बदलतं. काही रंगीत काचेचे फिल्टर स्वतःच चमकतात, म्हणून नुसतं टोल्यूइन भरून फिल्टरसकट पुन्हा एकदा बघा. फिल्टर लावल्यावर आकडा खाली आला तर आधीचा आकडा विसरा.

नमुना स्वतःच विखुरत असेल तर फिल्टर थोडीच मदत करेल. शोषणाचा स्पेक्ट्रम पाहा: पहिल्या शोषण-शिखराच्या लाल बाजूला, जिथे काहीच शोषण नको, तिथे उतरती शेपटी दिसत असेल तर रॉड एकत्र गोळा झालेत. जुन्या, वारंवार धुतलेल्या नमुन्यांत पृष्ठभागावरचे लिगंड (कणांना सुटं ठेवणारे रेणू) निघून जातात आणि हे होतं. ०.२ मायक्रॉनच्या पीटीएफई सिरिंज फिल्टरमधून गाळा, सेंट्रिफ्यूज करा, गरज पडली तर थोडं ओलेइक अ‍ॅसिड किंवा मूळ संश्लेषणातलं लिगंड घालून पुन्हा विखुरवा.

चौथी: जी-फॅक्टर

ग्रेटिंग उभा आणि आडवा प्रकाश सारख्या प्रमाणात पुढे पाठवत नाही. काही तरंगलांबींवर तर हा फरक एकदम उसळतो. १९०२ मध्ये आर. डब्ल्यू. वुड यांनी ग्रेटिंगच्या स्पेक्ट्रममध्ये ही विचित्र उसळी पाहिली, म्हणून तिला वुडची विसंगती म्हणतात. तुमच्या यंत्रातल्या ग्रेटिंगमध्येही ती कुठे तरी बसलेली असते. शिखरावर आकडा चढतो-उतरतो, उभ्या-आडव्या स्पेक्ट्रममध्ये शिखर सरकतं, या दोन्ही लक्षणांचं मूळ इथे.

जी न लावल्यास काय होतं ते हिशेबाने पाहा. खरी अ‍ॅनिसोट्रॉपी ०.१५ आणि यंत्राचा जी ०.७ असेल, आणि तुम्ही जी १ धरला, तर उत्तर ०.०२ च्या आसपास येतं. तुमचे लांब रॉड ध्रुवित नाहीत असा निष्कर्ष निघतो. जी १.४ असेल तर तोच नमुना ०.२८ दाखवतो. रॉड तेच, बाटली तीच.

जी काढताना पोलरायझर आडवा ठेवतात, कारण ९० अंशाच्या रचनेत आडवं उत्तेजन डिटेक्टरच्या दिशेलाच रोखलेलं असतं. त्या अक्षाभोवती सममिती असल्याने नमुन्यातून उभा आणि आडवा प्रकाश सारखाच निघतो. एचव्ही आणि एचएचमध्ये जो फरक उरतो तो निव्वळ यंत्राचा. म्हणूनच विखुरलेला प्रकाश काढून टाकल्याशिवाय जी घेऊ नका, तो ही सममिती मोडतो.

जी एका तरंगलांबीवर काढून सगळीकडे चिकटवू नका. पूर्ण उत्सर्जन-शिखरावर तो तरंगलांबीगणिक काढा. स्लिट बदललात, ग्रेटिंग बदललंत, फिल्टर हलवलात, की जी नव्याने. भिंतीवर चिकटवलेला, कुणी तरी कधी तरी काढलेला जी वापरणं हे मी अनेक ठिकाणी पाहिलं आहे, आणि त्या आकड्यांवर आधारलेली तुलना नंतर सोडवणं फार जड जातं.

पाचवी: यंत्राला माहीत असलेलं उत्तर विचारा

आता दोन-तीन ज्ञात नमुने लावा. हे काम एका दुपारचं आहे आणि सगळ्यात जास्त सांगून जाणारं.

रोडामिन ६जी इथेनॉलमध्ये. रेणू छोटा, विद्रावक पातळ. उत्तेजित अवस्था सुमारे ४ नॅनोसेकंद टिकते, तेवढ्यात रेणू अनेकदा वळून जातो. अ‍ॅनिसोट्रॉपी ०.०२ ते ०.०३ च्या आसपास यायला हवी. उणे आली किंवा ०.१ आली तर यंत्रच चुकतंय.

तोच रोडामिन ग्लिसरॉलमध्ये. ग्लिसरॉल खोलीच्या तापमानाला पाण्यापेक्षा सुमारे हजारपट घट्ट, त्यामुळे रेणू जवळपास गोठल्यासारखा राहतो. ०.३५ च्या आसपास किंवा थोडं वर उत्तर यावं. एकाच रंगद्रव्याने मोजपट्टीची दोन्ही टोकं तपासली जातात, म्हणून ही जोडी मला फार आवडते.

मग पातळ सिलिका कोलॉइड, बाजारात लुडॉक्स नावाने मिळतं ते. उत्तेजन आणि उत्सर्जन एकाच तरंगलांबीवर ठेवायचं असल्याने आधी स्लिट अगदी बारीक करा आणि न्यूट्रल डेन्सिटी फिल्टर लावा, नाही तर डिटेक्टर कायमचा खराब होऊ शकतो. आकडा ०.९५ च्या वर यायला हवा. पोलरायझरच्या कोनात चूक असेल तर इथे लगेच कळतं: अ‍ॅनालायझर १० अंश तिरका असला की हाच आकडा ०.९१ पर्यंत घसरतो. कोलॉइड दाट ठेवलंत तर प्रकाश एकाहून जास्त वेळा विखुरतो आणि आकडा त्यानेही पडतो, म्हणून पातळ करून पुन्हा मोजा. तरीही कमीच आला तर सॉफ्टवेअरमधून पोलरायझरची मोटर मूळ शून्यावर आणून बघा. वीज गेल्यावर यंत्र पुन्हा चालू होताना मोटरचं शून्य सरकणं हा नेहमीचा प्रकार आहे, आणि सकाळ-दुपारच्या फरकामागे अनेकदा तेच असतं.

पोलरायझर पुसायचा मोह टाळा. काही ग्लान प्रकारच्या प्रिझममध्ये दोन तुकडे चिकटवलेले असतात, टोल्यूइनने किंवा अ‍ॅसिटोनने तो चिकट थर जातो. प्लॅस्टिक फिल्मच्या पोलरायझरचंही तसंच. कोरड्या हवेच्या फुग्याने धूळ उडवा, तेवढं पुरे.

सहावी: आता नमुना

वरचं सगळं बरोबर आलं तर नमुन्याकडे वळायचा तुम्हाला हक्क आहे.

उत्तेजनाच्या तरंगलांबीवर शोषण ०.१ च्या खाली ठेवा. दाट नमुन्यात एका रॉडने दिलेला प्रकाश दुसरा शोषतो आणि पुन्हा देतो, दिशा विसरली जाते. नमुना निम्मा पातळ करून मोजा. आकडा वाढला तर पुन्हा निम्मा करा, स्थिर होईपर्यंत. पातळ करताना आकडा कमी झाला तर आधीचा नमुना विखुरत होता, तिसऱ्या तपासणीकडे परत या.

मग रॉड द्रवात किती फिरतात ते. पेरँचं सूत्र सांगतं: मोजलेली अ‍ॅनिसोट्रॉपी = मूळ अ‍ॅनिसोट्रॉपी ÷ (१ + उत्सर्जनाचा काळ ÷ फिरण्याचा काळ). टोल्यूइनचा चिकटपणा ०.५६ मिलिपास्कल-सेकंद धरला तर लिगंडसकट ५ नॅनोमीटर त्रिज्येचा गोळा सुमारे ७० नॅनोसेकंदांत वळतो, ३ नॅनोमीटरचा सुमारे १५ नॅनोसेकंदांत. उत्सर्जन २० नॅनोसेकंद टिकत असेल तर मोठ्या कणाची ०.२ ची किंमत ०.१६ च्या आसपास दिसेल, छोट्याची निम्म्याहून खाली जाईल. लांब रॉड याहूनही सावकाश फिरतात, म्हणून त्यांच्यात हा दोष कमी, पण आखूड रॉडमध्ये नक्की तपासा. तपासायला महागडं काही नको: औषधाच्या दुकानात मिळणारं लिक्विड पॅराफिन चालतं. आधी नुसत्या पॅराफिनची मोजणी घ्या, कारण त्याची स्वतःची थोडी चमक असू शकते. घट्ट द्रवात आकडा वाढला तर रॉड फिरत होते. ग्लिसरॉल इथे चालणार नाही, तेलकट लिगंड लावलेले रॉड त्यात खाली बसतात.

उत्तेजनाची तरंगलांबीही बदलून पाहा. कॅडमियम सल्फाइडच्या कवचात खूप वरच्या ऊर्जेवर उत्तेजित केलं तर अनेक संक्रमणं एकमेकांवर येतात आणि शोषणाची दिशा पुसट होते. पट्ट्याच्या कडेजवळ, म्हणजे शोषणाच्या सर्वांत कमी ऊर्जेजवळ, आलं की आकडा सहसा वाढतो. तो वाढत असेल तर तुमचा कमी आकडा खरा आहे, फक्त उत्तेजन दूर होतं. दोन गटांचे आकडे जुळत नाहीत तेव्हा बहुधा दोघांनी वेगवेगळ्या तरंगलांबीवर उत्तेजित केलेलं असतं.

एवढं करूनही आकडा कमीच असेल तर इलेक्ट्रॉन मायक्रोस्कोपचे फोटो पुन्हा काढा, आणि निवडक सुंदर कोपऱ्याऐवजी जाळीच्या अनेक भागांतून. गोल कण आणि चौपायी टेट्रापॉड मिसळले असतील तर सरासरी खाली येते. तिथे संश्लेषण सुधारणं हाच उपाय.

लेझर आणि फायबर असेल तर

साध्या फायबरमधून आणलेल्या लेझरचं ध्रुवण फायबर वाकवला, हलवला, एसी चालू झाला तरी बदलतं. ध्रुवण राखणारा फायबर वापरा आणि नमुन्याच्या अगदी आधी एक पोलरायझर ठेवा. त्याने ध्रुवण पक्कं होतं पण तीव्रता हलू लागते, म्हणून पॉवर मीटरने ती सोबतच नोंदवा. उत्सर्जनाच्या बाजूचा जाड मल्टिमोड फायबर मात्र अ‍ॅनालायझरच्या नंतर असेल तर फायद्याचाच: तो ध्रुवण विस्कटतो आणि पुढच्या ग्रेटिंगचा पक्षपात कमी करतो.

मायक्रोस्कोप

सगळे रॉड एकाच दिशेला ध्रुवित दिसतात? काच ९० अंशांत फिरवा. खरं ध्रुवण काचेबरोबर फिरतं, यंत्राचं खोटं ध्रुवण जागच्या जागी राहतं. ताणलेल्या पॉलिमर फिल्ममध्ये रांगेत बसवलेल्या रॉडनाही हीच परीक्षा लावा. एका मिनिटाचं काम आहे, आणि त्याशिवाय पुढे काही मोजूच नये असं माझं ठाम मत आहे.

खोटं ध्रुवण आलं तर बहुधा ४५ अंशात बसवलेल्या डायक्रोइक आरशामुळे (काही तरंगलांबी परतवणारा, काही आरपार सोडणारा आरसा). गोल डॉटची दाट, सगळीकडे सारखी फिल्म ठेवा, उत्तेजन अध्रुवित किंवा वर्तुळाकार ध्रुवित करा आणि अ‍ॅनालायझर १८० अंश फिरवून आलेख काढा. रेषा सपाट हवी. जी लाट उरते ती आरशाची, तिची दुरुस्ती प्रत्येक मोजमापाला लावा.

एकटे डॉट लुकलुकतात. अ‍ॅनालायझर एकेक अंश फिरवत मोजलं तर लुकलुकणं आणि ध्रुवण यांची सरमिसळ होते. ध्रुवण वेगळं करणाऱ्या बीमस्प्लिटरने दोन्ही घटक एकाच वेळी दोन डिटेक्टरवर घ्या. १.४ न्यूमरिकल अपर्चरच्या (किती तिरपे किरण घेता येतात त्याचा आकडा) तेलाच्या ऑब्जेक्टिव्हने तिरपे किरणही गोळा होतात, त्यामुळे काचेबाहेर झुकलेल्या रॉडचं ध्रुवण कमी दिसतं. शक्य असेल तर मागचा पडदा आवळून कमी अपर्चरवर तुलना करा.

अर्ध-तरंग पट्टी (ध्रुवणाची दिशा फिरवणारी) वापरत असाल तर ती तुमच्या उत्सर्जनाच्या तरंगलांबीची आहे का बघा. लेझरच्या ४५० नॅनोमीटरसाठी घेतलेली पट्टी ६२० वर रेषीय ध्रुवणाचं लंबवर्तुळ करते. तरंगलांबींच्या रुंद पट्ट्यासाठी अ‍ॅक्रोमॅटिक पट्टी (अनेक तरंगलांबींवर सारखी चालणारी) घ्या. अशा पट्ट्या एकमेकींवर ठरावीक कोनांत रचून बनवण्याची सुंदर पद्धत एस. पंचरत्नम यांनी बंगळुरूच्या रामन संशोधन संस्थेत १९५५ मध्ये दाखवली होती. आज कॅटलॉगमधून मागवताना त्यांचं नाव आठवलं तर बरं वाटतं.

इथे थांबा आणि माणूस बोलवा

मोटर शून्यावर आणूनही सिलिका कोलॉइडचा आकडा ०.९५ गाठत नसेल, किंवा तेच स्लिट, तोच फिल्टर असताना जी दर वेळी वेगळा येत असेल, तर यंत्राच्या आतलं काही तरी ढिलं झालंय. मोनोक्रोमेटरचं झाकण उघडू नका. ग्रेटिंगच्या पृष्ठभागावर बोट लागलं, किंवा साध्या कापडाने पुसलं, तर तो परत नीट होत नाही. फोटोमल्टिप्लायरला हजार व्होल्टच्या आसपास विद्युतदाब असतो. झेनॉन दिव्यात गार असतानाही वायूचा मोठा दाब असतो, तो फुटू शकतो. बदलताना तोंडावर संरक्षक मुखवटा आणि प्रशिक्षित हात दोन्ही लागतात. ही सगळी कामं सेवा अभियंत्याची.

वर्ग ३बी किंवा ४ च्या लेझरची मांडणी हलवायची असेल तर लेझर सुरक्षेचं प्रशिक्षण घेतलेल्या व्यक्तीशिवाय हात लावू नका. पोलरायझर फिरवताना परावर्तित किरण अनपेक्षित दिशेला जातो, आणि डोळा एकदा गेला की गेला.

वर्तुळाकार ध्रुवित उत्सर्जन मोजायचं असेल तर तेही घरगुती जुळवणीने करू नका. तिथे संकेत बऱ्याचदा हजारात एक एवढाच असतो आणि रेषीय ध्रुवणाची थोडीशी गळती त्याला सहज झाकून टाकते. फोटोइलास्टिक मॉड्युलेटर असलेल्या, रोज हेच काम करणाऱ्या प्रयोगशाळेकडे नमुना पाठवा.

तपासणीत उरलेले कॅडमियमचे नमुने, गाळलेले फिल्टर, पुसलेले कागद बेसिनमध्ये किंवा साध्या कचऱ्यात टाकू नका. वेगळ्या, लेबल लावलेल्या डब्यात ठेवून संस्थेच्या घातक कचरा व्यवस्थेकडे द्या.

अभियंता येईल तेव्हा "ध्रुवण बरोबर येत नाही" एवढंच सांगू नका. दोन रोडामिन नमुन्यांच्या आणि सिलिका कोलॉइडच्या चारही कच्च्या तीव्रता, स्लिटची रुंदी, तरंगलांबीप्रमाणे जी आणि नुसत्या विद्रावकाची मोजणी त्याच्या हातात द्या. काम संपल्यावर, तो निघण्याआधी, हेच तीन नमुने त्याच्यासमोर पुन्हा मोजा, आणि ते आकडे तारखेसह यंत्राच्या वहीत लिहून घ्या.